कापडी म्यान

भूपाल उगारे आत आले नाहीत,
टपरीच्या फळीबाहेरच उभे राहिले.
"लगमाण्णा, एक काम हाय. पण चामडं नको."

मी हातातला अंगठा तसाच धरून बसलो.
निपाणीत तीस वर्षं पायताणं शिवतोय,
चामडं नको म्हणून माझ्याकडं आलेला
माणूस हा पहिलाच.

पिशवीतून निघालं ते
तंबाखूच्या पुड्याएवढं, काळं, थंड.
सोबत कागद, कानडीत.
मला शिक्का तेवढा वाचता आला.

थोरल्या भावाला संकेश्वरच्या रस्त्यावर
पौषात अडवलं होतं.
चांदीची पेटी गेली, कानाला सात टाके.
तेव्हापासून घरातल्यांनी बोलून बोलून
हे यांच्या गळ्यात बांधलं.

"गळ्यात न्हवं मालक, कमरंला," मी म्हटलं.
ते हसले नाहीत.

बाजारातलं एक घालून झालं होतं.
दिवसभर गादीवर मांडी घालणारा माणूस,
पोट सुटलेलं, सदरा मलमलीचा.
उजव्या कमरेला टोचायचं,
तराजूवर वाकलं की फुगवटा दिसायचा,
आणि नात मांडीवर चढली की विचारायची,
आजोबा, हे काय कडक?

म्हणून मी आधी त्यांना बसवलं.
उभ्या पायाचं माप वेगळं, बसल्याचं वेगळं,
अंगाचंही तसंच.
सुतळी फिरवत गेलो
तर डाव्या बरगडीखाली, काखेच्या जरा पुढं
एक जागा सापडली, जिथं देह स्वतःहून
थोडा आत सरकलेला असतो.
तिथं.

खरं मी ठेवून घेतलं नाही.
आंब्याच्या फळीतून तसंच एक कोरलं.
माझ्या पोरानं ते उचलून ठो ठो केलं
तेव्हा चुलीत घातलं,
आणि दुसरं कोरून उशाखाली ठेवलं.

ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचे दोन पदर.
चाप पुरता झाकला जाईल, चुकून बोट जाणार नाही
इतकी खोल शिवण.
खांद्याला पट्टा रुंद, कापू नये म्हणून.
घामाच्या बाजूला धुतलेलं मांजरपाट.
आतून मखमल,
हाराच्या डब्यांना असते ती, गर्द जांभळी.
ती त्यांनीच आणून दिली, काही न बोलता.
दोऱ्याला मेण लावताना विचारलं,
तर म्हणाले, "मधमाशीचं असंल तर नको."
मेणबत्ती घासली.

घातलं. चालले, बसले, वाकले,
सायकलवरून वळणापर्यंत जाऊन आले.
"चावत नाही," म्हणाले,
जोड्याबद्दल म्हणतात तसं.
"आठ दिवस चावाय पायजे मालक," मी म्हटलं,
"नवं काहीबी चावतंच की."

मग तसेच बस्तीकडं गेले
आणि पहिल्या पायरीवरून परत आले.
सगळं कापडाचं. एक टाका चामड्याचा नाही.
तरी.

तेव्हापासून रोज सकाळी पावणेसातला
ते माझ्या पेटीत असतं, आरीच्या खाली,
गोळ्या वेगळ्या, रुमालात.
"चपला ठेवतात लोक, त्यातलंच हे," म्हणतात.
अर्धा तास.
तेवढा वेळ मी हातोडी उचलत नाही.
एखादी बाई तुटका पट्टा घेऊन आली
तर थांबा म्हणतो, का ते सांगत नाही.

गेल्या अष्टमीला दर्शन घेऊन निघाले,
मला बघून मान हलवली
आणि सरळ पेढीकडं वळले.
मी हाक मारली नाही.
दिवसभर पेटीवरच बसून राहिलो,
डबाही तिथंच खाल्ला.

दिवे लागताना आले. घाई नव्हती.
मखमलीवरून अंगठा फिरवला,
"आज मांडी बरी बसली, लगमाण्णा,"
म्हणाले, आणि
सदऱ्याची बटणं काढू लागले.