एक बरोबर

शटर अर्धं ओढून घेतो.
दिवसभर लॅबच्या रिपोर्टांची लेटरहेडं,
एक बारशाचं कार्ड, पावतीपुस्तकं.
रात्री क्वायरचं काम. पैसे नाहीत, चहा असतो.

शांतवन मास्तर म्हणाले,
सी, एफ, जी नको लिहूस आता.
आकडे टाक. एक, चार, पाच.
एस्तेरबाई काळी पाचला गायच्या,
आता काळी तीनलाही दम लागतो.
आवाज उतरतो रे,
छापलेला कागद उतरत नाही.

मेनूत शोधलं, सापडलं: अक्षरांऐवजी आकडे.
देवनागरी चार टाकला,
रिकामा चौकोन आला.
फॉन्ट बदलला. चार आला,
पण सहाच्या मागची मायनरची आडवी रेघ
थेट ओळीतल्या 'दया'वर जाऊन पडली.
पाचाच्या डोक्यावर बारका सात चढवायचा होता,
तो काही चढेना.
मिशनच्या घड्याळात दोन वाजले
तेव्हा कुठे चढला.

शुक्रवारी बाईंनी कागद हातात घेतला,
चष्मा कपाळावरून खाली.
चौतीस वर्षं मिशन हॉस्पिटलात सिस्टर.
म्हणाल्या,
"हा तर माझा वॉर्डच की!
पेशंट बदलायचे, खाटांचे नंबर तेच.
एक नंबर दाराशी. तिथनं माणूस घरी जायचा.
पाचला नुसती घाई, सिस्टर, कधी सोडताय?
आणि सहाला खिडकी नव्हती.
तिथं कुणीही येऊ दे,
हळूच बोलायचं."

गिटारवाला इम्मानुएल हसला.
मग सहा आला तेव्हा
त्यानं तारांवरचा हात हलका केला.
मी पाहिलं.

दुसऱ्या कडव्यानंतर बाई थांबल्या.
"अजून एक पट्टी खाली घ्या,"
हे त्या पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाल्या.
कुणी पान उलटलं नाही,
कुणी खाडाखोड केली नाही.
सगळा वॉर्ड तसाच
एक जिना उतरून खाली आला.

माझी आई त्यांच्याच वॉर्डात होती.
कितव्या खाटेवर, विचारायचं होतं.
हार्मोनियमचं झाकण लागलं, बाकं सरकली,
राहिलं.

आज पुढचं गाणं बसवतोय.
रेघा जागेवर आहेत, सातही.
वर डाव्या कोपऱ्यात टाइप केलं
'एक बरोबर'
आणि पुढं बोटभर जागा सोडली.
ती शुक्रवारी,
बाई कशा आहेत ते बघून,
पेन्सिलीनं भरायची.