एक सूत

कंपासपेटीतून तिनं शाफ्ट काढला,
उदबत्तीएवढा, मधोमध वाकलेला.
"दस्तगीरमामा, तीन पॉइंट सतरा मिळेल?"

कुपवाडच्या ह्या शेडात मी पंपांचे शाफ्ट ओढले,
साखर कारखान्याचे ओढले,
दोघांनी उचलून लेथवर चढवायचे असले.
मायक्रोमीटर लावला. पुसून पुन्हा लावला.
"अगं, हे तर एक सूत!"
"म्हणजे?"
"इंचाचा आठवा भाग.
आमच्या उस्तादांच्या पट्टीवर
हेच सगळ्यात लहान गाव."

चौगुल्यांची त्रिशला, अकरावी सायन्स,
नखांवर फेव्हिक्विकचे पापुद्रे.
तिची मोटर उलट्या डोक्याची:
तांबं आत गप्प बसून राहतं,
बाहेरचं डबडं फिरतं
आणि शाफ्ट डबड्याच्या नादी.
मी म्हटलं, प्लायला मागून मोठं भोक पाड,
सर्क्लिप घासता कामा नये.
आणि स्क्रू सहाचाच. आठचा आत गेला
की थेट तांब्यात घुसतो.
ती खाली बघायला लागली.
एक मोटर आधीच जाळली होती तिनं.
सांगितलं नाही,
पण पेटीला वॉर्निशचा वास येत होता.

काचेवर तीन तुकडे लोळवले.
पहिला साध्या बारचा, मऊ,
शिंकलं तरी वाकेल.
दुसरा तुटक्या ड्रिलचा दांडा.
हा नाही वाकायचा,
पण नाक आपटलं की मार मागं ढकलेल,
बेअरिंगला, प्लायला,
तुझ्या अख्ख्या रविवारला.
तिसरा सिल्व्हर स्टील, पाणी न दिलेला.

"चांगला कुठला?"
"तू पाडणार किती वेळा?"
तिनं बोटं मोजली.
खरं बोलणारं गिऱ्हाईक फार दिवसांनी आलं.
तिसरा कापला.
ग्रब स्क्रूसाठी कानशीनं
तिळाएवढी सपाटी काढली.
मोटर चालू केली तेव्हा
स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला लावलं,
मूठ कानामागच्या हाडाला.
डावा कान शेडनं कधीच खाल्लाय,
पण हाड अजून ऐकतं.
खरखर नव्हती.

रविवारी कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर
गवत, शेळ्या,
कुणीतरी बायकोला स्कूटर शिकवतंय.
विमान उडालं आणि
डावीकडं, डावीकडं, सारखं डावीकडं,
बैल आपल्या गोठ्याकडं ओढतो तसं.
उतरवून ती म्हणाली,
मोटर थोडी उजवीकडं वळवायची, मामा,
पंखा विमानालाच उलटं पिळतो.

पस्तीस वर्षं मी
सरळ बसवायचे पैसे घेतले.
डायलचा काटा शून्यावर हलेना
तेव्हाच कपलिंग आवळलं,
रात्रीचे दोन वाजले तरी.
आणि ही पोरगी माझ्या तळहातावर
दोन वायसर ठेवून सांगते,
डावीकडच्या स्क्रूंखाली घाला.
घातले.
हात जरा नाराज होता.

मग ते सरळ गेलं.
आवाज मला येईना,
नुसतं दिसत होतं,
पांढरं थर्माकोल,
त्यावर निळ्या शाईत तिच्या भावाची सही.
शेळीवाला विडी पेटवायची विसरला.

उतरताना अर्थात नाकावर.

सोमवारी पुन्हा कंपासपेटी.
प्लाय शाबूत, मोटर शाबूत,
शाफ्ट वाकलेला, नीट, शहाण्यासारखा.
काचेवर लोळवला तर
लंगडत गेला.
तिनं वीस रुपये ठेवले,
मी दहा परत केले.
ती म्हणाली, आपलं सूत जुळलं, मामा.
मी म्हटलं, आधी उतरायला शीक.

नवा तुकडा कापला.
डोळ्यांना दिसत होतं एक सूत आहे,
बोटांनाही कळत होतं.
तरी मायक्रोमीटर उघडला.