स्थळप्रत

मानपत्रं मीच लिहिते.
जनसंपर्क विभाग, तिसरा मजला, बेलापूर.
नमुना ठरलेला: ‘जिवाची पर्वा न करता’, पुढे नाव,
मग ‘अतुलनीय धैर्य’, मग ‘महापालिकेस अभिमान’.
सोळा वर्षांत बदलला तो फक्त फॉन्ट.

या वेळी एकाच पत्रात दोन नावं आली.
अग्निशामक हसुराम काथोड म्हात्रे, कोपरखैरणे केंद्र.
पोलीस हवालदार नजमा तडवी, तुर्भे.
आग पावण्याची, एमआयडीसीतलं रंगांचं गोदाम,
वेळ दुपारी पावणेतीन.

तपशील हवा म्हणून बोलावून घेतलं.
म्हात्रे आले ते बूट दाराबाहेर काढून.
डाव्या कानाची पाळी गुलाबी, नव्या कातडीची.
म्हटलं, सांगा.
म्हणाले, काय सांगू, इजवली.

मग चहा आला, आणि चहाबरोबर थोडं थोडं बाहेर आलं:
दोन बंब रिकामे,
टँकर ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकलेला,
हायड्रंट उघडला तर आतून नुसती हवा,
आणि आत ड्रम फुटतायत, सुतळी बॉम्बसारखे.
तेव्हा म्हात्रे सायकल स्टँडकडे धावले.
लोकांना वाटलं, घाबरला.
घणानं फरशी फोडली.
खाली पाणी.

मी लिहिलं: ‘प्रसंगावधान राखून’.
त्यांनी वाकून वाचलं.
प्रसंगावधान नाय, मॅडम. बाव हाय ती आमची.
आज्यानं खणलेली, चिचेखालची बाव.
कंपनी उभी हाय ती आमच्या खाचरावं.
सातबाऱ्यावं आता नाव नाय,
पन पानी कुठं जातंय?

तडवीबाई फोनवर बोलल्या.
फोन मुलीनं कानाशी धरलेला, मागे कुकरच्या शिट्ट्या.
त्यांच्या हातात मस्टर होतं त्या दिवशी.
एकेचाळीस नावं, फाटकाबाहेर एकेचाळीस माणसं,
खोकणारी, अनवाणी, पण पुरी.
सुपरवायझर म्हणाला, झालं, सगळे आले.
त्यांनी मस्टर मिटलं
आणि एकेकाला धरून विचारत गेल्या:
तुझं नाव नको. तुझ्या शेजारी कोण होतं?
तीन तोंडांतून एकच नाव आलं, मस्टरवर नसलेलं.
छोटन. लेबलं चिकटवायचा.
जेवला की पोटमाळ्यावर झोपायचा.

म्हात्रे पुन्हा आत गेले.
कान तेव्हाचा.

आणि तुम्ही? मी विचारलं.
मी काय, शिडी धरली.
थोडं थांबून म्हणाल्या, शिडी लोखंडी होती, एवढंच.

साहेबांनी मसुद्यावर लाल पेन फिरवलं.
बाव काढली: जमिनीचा विषय उगाच नको.
‘मस्टरवर नसलेला’ काढलं: कामगार खातं विचारेल.
शिडी राहिली असती, पण ओळ बसेना.
उरलं ते तुम्ही कुठे ना कुठे ऐकलंच असेल.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही.
म्हात्रे शाल पांघरून उभे, मे महिन्यात,
निवेदक त्यांचं नाव हंसराज वाचून गेला,
त्यांनी दुरुस्त केलं नाही.
तडवीबाईंनी पुष्पगुच्छ कोपरात घेतला.
फोटोवाला म्हणाला, मॅडम, इकडे बघा.
त्या तिकडे बघतच नव्हत्या.
नजर खुर्च्यांवरून फिरत होती, रांगेनं, मोजत.
पायऱ्या उतरताना मला म्हणाल्या,
छोटनला नाही बोलावलं?
यादीत नव्हता, मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणता माझीच जीभ पोळली.

स्थळप्रत माझ्या कपाटात आहे,
लाल पेन लागायच्या आधीची.
तिच्यात बाव आहे, चिंच आहे, शिडी आहे,
हसुरामचं नाव काथोडसकट आहे,
आणि बेचाळीस माणसं.
कोणी मागत नाही.
कसर लागू नये म्हणून
मी मधूनमधून डांबरगोळ्या बदलते.