दोन वेटोळ्यांमधलं अंतर

ट्रोंडहाइमच्या प्रयोगशाळेत ओडवार म्हणतो,
ट्रान्सफॉर्मर काढूनच टाकू.
चार किलो वाचतील, दोन टक्के वीज,
आणि तांब्याचा भाव तू बघतेसच.

खरं आहे त्याचं.
गुनवोर मान हलवते, पण हात
पिवळ्या टेपवरून काढत नाही.
एक वेटोळं इकडे, एक तिकडे,
तारेला तार शिवत नाही
तरी पलीकडे पोचतंच सगळं.

गळती मोजू, क्षणात तोडू, तो म्हणतो.
तोडशील रे.
आणि दर दमट सकाळी उगाचच तुटेल,
लोक शिव्या घालतील अर्ध्या भरलेल्या गाडीत बसून.

खाली, मीठ टाकलेल्या बर्फाचा चिखल.
कुणाचं तरी पोर ओला हातमोजा काढून
चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या दारावर
बोटानं मासा काढतंय.

गुनवोर वजनाच्या रकान्यात
चार किलो परत लिहिते.
खोडरबर मात्र खाली ठेवत नाही.