पलीकडचा गोल

पंपाचा एक सुटा भाग मॉन्ट्रियलहून यायचा होता,
जहाज धक्क्याला बांधलेलं,
म्हणून हॅलिफॅक्समध्ये माझा चौथा दिवस.
आणि घरमालकीण मर्ना बूटिलियरच्या बहिणीचा
गुडघा सुजला होता, म्हणून एक तिकीट उरलेलं.
एवढ्याच कारणांनी मी तिथे:
सतरावी रांग, ओली खुर्ची,
गळ्यात त्या बहिणीचा निळा मफलर,
त्याला तिच्या कुत्र्याचे केस.

“ऑफसाइड कळतं?” मर्नाने विचारलं.
मी म्हटलं, नाही.
“मलाही नाही. कुठे ओरडायचं तेवढं कळतं.”

तिचे हात मोठे. एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
गार पाण्यात उभं राहून कॉडचे काटे काढलेले,
उजव्या अंगठ्याचं नख कायमचं गेलेलं.
त्याच हाताने तिने थर्मासमधून चहा ओतून दिला
आणि त्यात काय घातलंय ते सांगितलं नाही.

विसाव्या मिनिटाला बंदरावरून धुकं आलं.
तिकीट न काढता आलं, फाटकावर कोणी अडवलं नाही.
आधी कॉर्नरचा झेंडा गेला, मग तिकडचा गोलपोस्ट,
गुणफलक,
पिवळ्या जॅकेटमधला पोलीस,
मग अर्धं मैदान.
रेफरीबाईंनी थांबून दोन्ही टोकांकडे पाहिलं,
घड्याळ पाहिलं,
आणि खेळ चालू ठेवला.

आमच्या वाट्याला उरली फक्त गोलकीपर.
ओडेट कोमो, पाठीवर एकचा आकडा,
आणि तिच्यासमोर सगळं पांढरं.
चेंडू तिकडे, दहाजणी तिकडे.
ती हातमोजे एकमेकांवर घासत
दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे.
रात्रपाळीला इंजिनरूममध्ये मी अशीच उभी असते:
दिसत काही नाही,
पण एका झडपेचा आवाज बदलला
की आधी पोटाला कळतं.

मग आवाज आला.
एकदम नाही. आधी पलीकडे,
कोणी मांडणीवरची भांडी पाडावीत तसा.
मग उजव्या बाजूच्या खुर्च्यांवरून,
या तोंडातून त्या तोंडात,
कडेकडेने चालत आला:
गोल. गोल झाला. आपला. आपलाच ना? आपला.
अकरा नंबरने. नाही, सातने. डोक्याने मारला.
आमच्या रांगेत पोचेपर्यंत
तो थेट अर्ध्या मैदानातून मारलेला होता.
पुढच्या रांगेतली, गाल रंगवलेली पोरगी किंचाळली,
“बाबा, मी पाहिला!”
बाबा म्हणाला, मीपण.
आणि देवाशप्पथ, तोवर मीही पाहिला होता.

ओडेटला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.
तिने वळून आमच्याकडे पाहिलं,
छातीवर बोट ठेवून विचारलं: आपला?
मर्नाने तो बिननखाचा अंगठा उंच धरला.
तेव्हा ती एकटीच उडी मारून
आडव्या दांड्याला लोंबकळली
आणि लगेच उतरली,
कोणी पाहिलं तर काय म्हणेल अशी.

चहाचा दुसरा पेला संपला.
उत्तरार्ध असाच गेला, कानांनी पाहायचा.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला
धुक्यातून लाल जर्सीतली एक पोरगी बाहेर पडली,
चेंडू पायाशी, शेजारी कोणीच नाही.
ओडेट पुढे धावली, आडवी पडली, बोटं लागलीसुद्धा.
जाळं हललं.
हा गोल आम्हाला अगदी स्वच्छ दिसला,
जाळ्यावरून गळलेलं पाणीही दिसलं.

कोणी काही बोललं नाही.
या वेळी बातमी आमच्याकडे होती,
आणि पलीकडे ते गात होते,
पाय आपटत, फळ्या वाजवत,
एकशून्यचं गाणं.
उजवीकडचा माणूस शेजाऱ्याकडे वळला,
तोंड उघडलं,
मिटलं.

“राहू दे,” मर्ना म्हणाली,
“तिकडे अजून आपण जिंकतोय.”