काटा

हालबेराचा अंगठा सत्तावीस वर्षं
आइसलँडच्या एका थंड शेडमध्ये
कॉड माशांवरून फिरला.
काचेखाली दिवा, वर पांढरं मांस.
काटा असला तर
डोळ्याआधी त्याला कळायचं.

आता क्ष-किरण बघतात,
पाण्याची धार कापते.
तिला काम उरलंय एकच :
यंत्र थांबलं तर हिरवं बटण दाबायचं.
ते थांबत नाही.

ईस्लेवुर शाळेचा फॉर्म घेऊन बसलाय.
‘पुढे काय व्हायचंय?’ रकाना दोन ओळींचा.
वेल्डर लिहिलं, खोडलं.
हिशेबनीस. खोडलं.
कागद तिथे इतका विरलाय
की खालचं टेबल दिसतं.

“आई, कुठलं काम टिकेल गं?”

दुपारचे तीन. फ्योर्डवर अंधार उतरलाय.
बटाटे सोलता सोलता ती थांबते,
हात पुसून अंगठा फॉर्मवरून फिरवते, सवयीनं,
आणि विरल्या जागी अडखळते.

“मला काय विचारतोस,
मी बटण दाबणारी.”

मग बऱ्याच वेळानं, बटाट्यांकडे बघतच :
“इथे काहीतरी लागतंय हाताला.
पेन नको घेऊस इतक्यात.
पेन्सिलच असू दे.”