एक हात खिशात

सिडकोतल्या दोन खोल्या. ओट्यावर चेसिस,
पोळपाटाखाली दाबलेला अँपचा नकाशा.
आई म्हणते, कुकर लावायचाय, उचल हे.

सातपूरला पॅनल वायरिंग केलेले धोंडगेकाका
चष्मा कपाळावर सरकवून एकेक सांधा बघतात.
"हा थंड राहिलाय. परत तापव."
मग, "चारशे व्होल्ट आहेत. एक हात खिशात ठेव."
त्यांचा डावा खिशातच असतो,
पॉवरप्रेसच्या त्या रात्रपाळीपासून.

साडेअकराला बटण.
व्हॉल्व्हच्या काचेत आधी काहीच नाही,
मग विडीच्या टोकाएवढं नारिंगी.
गुणगुण. नुसतीच गुणगुण,
गिटार तर अजून जोडलेलीच नाही.

"अर्थिंग चुकलंय कुठेतरी," काका म्हणाले,
"उद्या बघू."
उठले मात्र नाहीत.
नाशकातली जानेवारी. त्यांनी
डावाही बाहेर काढला, शेकायला.